खाडा कोणाच्या नावावर? ऊसतोडीच्या अड्ड्यावर जन्मलेल्या १,७२० ग्रॅमच्या बाळाचं प्रकरण

ओळख पटू नये म्हणून गाव, कारखाना, रुग्णालय आणि माणसांची नावं इथे दिलेली नाहीत, काही तपशीलही बदलले आहेत. ज्या आरोग्य केंद्राच्या हद्दीत हे घडलं तिथे मी वैद्यकीय अधिकारी होते. त्यामुळे यातल्या काही चुका माझ्या आहेत.

पार्श्वभूमी

दिवाळी उरकली की आमच्या हद्दीत ऊसतोडीच्या टोळ्या उतरतात, बहुतेक बीडकडच्या. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून घेतलेली उचल जोडीच्या नावावर असते, म्हणून बाईचा हात थांबला की कोयताच थांबला असं धरतात. कामावर न आलेल्या दिवसाचा खाडा पडतो आणि तो उचलीत चढतो. या टोळीत खाडा दिवसाला पाचशे रुपये होता.

ही बाई २१ वर्षांची. तिसरी खेप. थोरली मुलगी तीन वर्षांची, सोबत आणलेली. शेवटच्या पाळीची तारीख विचारली तर म्हणाली, "मृगाची पेरणी चालली व्हती तवा." म्हणजे जूनचा पहिला आठवडा. गावाकडे तिची नोंदणी झालेली होती, माता-बाल संरक्षण कार्ड होतं, एक सोनोग्राफीही झाली होती. कार्ड आणि रिपोर्ट सासूच्या ट्रंकेत राहिले. कोपीत, म्हणजे टोळीच्या झोपडीत, कागद भिजतात, शेकोटीत जातात, म्हणून बायका ते गावीच ठेवतात. त्यात निष्काळजीपणा काही नाही.

नोव्हेंबरात आमचं पथक अड्ड्यावर, म्हणजे टोळीच्या वस्तीवर, गेलं तेव्हा तिचं हिमोग्लोबिन ८.८ होतं. लोहाच्या गोळ्या दिल्या. सिस्टरने विचारलं, "जिवंत मुलं किती?" ती म्हणाली, "एक." रकाना भरला. आधीच्या हंगामात, दुसऱ्या जिल्ह्यातल्या अड्ड्यावर, तिचं दुसरं बाळ चौथ्या दिवशी गेलं होतं. प्रश्नच असा होता की ते बाळ उत्तरात येणार नव्हतं. त्याच्या जन्माची किंवा मृत्यूची नोंद ना गावाकडे होती, ना त्या अड्ड्याजवळच्या आरोग्य केंद्रात.

डिसेंबरात पथक पुन्हा गेलं, सकाळी अकराला. त्या वेळी अड्ड्यावर म्हाताऱ्या, लहान पोरं आणि कुत्री असतात. बायका पहाटे चारला फडावर जातात. "लाभार्थी अनुपस्थित" असा शेरा पडला. अकराची वेळ आमच्या गाडीच्या सोयीची होती.

अडचण

जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात पहाटेपासून तिचं पोट दुखत होतं. ती बोलली नाही. गाडी भरायची होती, आणि दिवस अजून भरले नव्हते म्हणून तिला ते कळांचं दुखणं वाटलंच नाही, असं ती नंतर म्हणाली. मला दोन्ही खरं वाटतं. दिवसभर तिने मोळ्या वाहिल्या. संध्याकाळी सातच्या सुमारास कोपीतच बाळ झालं. टोळीतल्या एका जाणत्या बाईने नाळ कापली.

सव्वानऊला ते आमच्याकडे पोचले, ट्रॅक्टरवाल्याच्या मोटारसायकलवर तिघं. बाळ ओलसर जुनेराच्या तुकड्यात गुंडाळलेलं, तळपाय निळसर. मुलगा. वजन १,७२० ग्रॅम. काखेतलं तापमान ३५.१ अंश सेल्सिअस. नवजाताचं ते किमान ३६.५ असायला हवं. रक्तातली साखर ३८, म्हणजे ४५ च्या खाली. रडत होतं, श्वास बरा होता. आईची वार पडलेली, रक्तस्राव आटोक्यात, हिमोग्लोबिन ७.४.

जन्मवजन १,८०० ग्रॅमच्या आत असेल तर बाळाला विशेष नवजात काळजी कक्षात, म्हणजे एसएनसीयूत दाखल करायचं असतं. सर्वात जवळचा एसएनसीयू जिल्हा रुग्णालयात, ५२ किलोमीटरवर.

पहिला निर्णय: लगेच निघायचं की आधी ऊब द्यायची

गार पडलेलं, साखर कमी झालेलं बाळ तसंच गाडीत घालणं धोक्याचं. पण आमच्याकडे रात्रभर ठेवण्याइतकी सोय नव्हती. आम्ही दोन्हीतलं थोडं थोडं केलं. बाळ कोरडं केलं, टोपी घातली, आईच्या उघड्या छातीवर उभं ठेवलं आणि वरून पांघरूण घातलं. सिस्टरने चीक काढून वाटी-चमच्याने थेंब थेंब पाजला. व्हिटॅमिन के दिलं. पाऊण तासाने तापमान ३६.२ झालं, साखर ५१. तोवर १०२ ची रुग्णवाहिका आली होती. सिस्टरने स्वतःच्या ओढणीने बाळ आईच्या छातीशी बांधलं आणि दोघांना तसंच पाठवलं.

ही कांगारू पद्धत म्हणजे पेटी नसताना करायची तडजोड, असा समज अजून आहे. भारतासह पाच देशांतल्या रुग्णालयांत झालेला मोठा अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. १ ते १.८ किलोच्या बाळांना स्थिर होण्याची वाट न पाहता जन्मानंतर लगेच आईच्या छातीशी ठेवलं, तर २८ दिवसांतले मृत्यू १५.७ टक्क्यांवरून १२ टक्क्यांवर आले. यातला "आईच्या" हा शब्द महत्त्वाचा. आई बाळापाशी दिवसरात्र असेल तरच हा उपाय होतो, आणि आमचं पुढचं सगळं प्रकरण तिथेच अडलं.

नवरा गाडीत बसला नाही. मुलगी कोपीत झोपलेली होती आणि पहाटे चारला फडावर जायचं होतं. मी त्याच्यावर ओरडले.

चौथा दिवस

एसएनसीयूत जंतुसंसर्गाचा संशय होता म्हणून प्रतिजैविकं सुरू झाली. बाळाला श्वासाचा मोठा त्रास झाला नाही. चौथ्या दिवशी वजन १,५९० होतं. कमी दिवसांच्या बाळात सुरुवातीला एवढी घट होतेच. सुरुवातीला आईला शिरेतून लोह दिलं जात होतं. ती वरच्या मजल्यावर प्रसूती कक्षात, बाळ खाली.

त्या दुपारी तिथल्या सिस्टरांचा फोन आला. नवरा येऊन बसलाय, "लिहून देतो, लेकरू घेऊन जातो" म्हणतोय.

आमच्या मनात उत्तर तयार होतं: अडाणीपणा, नाहीतर मुकादमाचा दबाव. गावातल्या आशाताईंना मी म्हटलं, तुम्ही आईशी बोला, तिला धोका समजावून सांगा. आशाताईंनी समजावण्याआधी विचारलं, "जेवलीस का गं?" त्यावर ती रडायलाच लागली.

झालं होतं असं. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात प्रसूत आईला मोफत जेवण मिळतं, पण साध्या प्रसूतीला तीन दिवस. तिच्या लोहाच्या सलाइनचा शेवटचा डोस झाला, प्रसूती कक्षातून नाव कमी झालं आणि नावाबरोबर ताट गेलं, खाट गेली. बाळ दाखल होतं, त्यामुळे त्याचं सगळं मोफत चालू. ती आता रुग्ण नव्हती, रुग्णाची नातेवाईक होती. रात्र तिने एसएनसीयूबाहेरच्या व्हरांड्यात काढली. सकाळपासून पोटात एक चहा. दर दोन-तीन तासांनी तिने दूध काढून द्यावं अशी अपेक्षा होती आणि दूध येत नव्हतं. "दूध न्हाई तर मी हितं बसून करू काय आशाताई? तिकडं पोरगी रडतीय, हिकडं खाडा पडतोय."

शेजारच्या पाळण्यातलं बाळ तिच्या बाळापेक्षा लहान होतं, दीड किलोच्या आतलं. त्याची आई शिक्षिका. तिच्यासोबत तिची आई आणि नणंद आळीपाळीने, डबा घरून, आणि पगारी प्रसूती रजा. दोन्ही बाळांना औषधं, डॉक्टर आणि पाळणा सारखाच मिळत होता. त्या कक्षात विषमता शोधायला कोणी आलं असतं तर त्याला ती पाळण्यात सापडली नसती.

पर्याय

पहिला पर्याय सर्वांच्या सवयीचा: समजावून थांबवायचं. पण ताट आणि खाट नसलेल्या बाईला आणखी दहा दिवस थांब म्हणणं पोकळ होतं. शिवाय खाड्याचे दहा दिवसांचे पाच हजार होत होते.

दुसरा, लिहून घेऊन सोडायचं. कागद रुग्णालयाला वाचवतो. १,५९० ग्रॅमचं, प्रतिजैविकांचा कोर्स अर्धवट राहिलेलं बाळ जानेवारीच्या थंडीत कोपीत वाचलं असतं की नाही, हे मी सांगायला नको.

तिसरा, आई-बाळाला गावी तिच्या आईकडे पाठवायचं. नवऱ्याला हे पटत होतं. पण एसटीने आठ-नऊ तासांचा प्रवास, आणि गावाकडचा एसएनसीयू तिच्या माहेरापासून आमच्यापेक्षाही लांब. शिवाय दोघंही गेले तर उचल बुडवून पळाले असं मुकादम धरणार, ही त्याची भीती खोटी नव्हती.

चौथा पर्याय आशाताईंनी सुचवला. अड्ड्यापासून चौदा किलोमीटरवर ग्रामीण रुग्णालय आहे, तिथे नवजात स्थिरीकरण कक्ष आहे. कोर्स संपेपर्यंत बाळ जिल्ह्यालाच ठेवायचं, मग तिथे आणायचं. नवरा संध्याकाळी मुलीला घेऊन येऊ शकेल. मला शंका होती. असा कक्ष थोड्या वेळाच्या सांभाळासाठी असतो, १,६०० ग्रॅमच्या बाळाला आठवडाभर ठेवायला तिथले डॉक्टर सहज तयार होत नाहीत, आणि त्यांचंही बरोबर असतं.

काय केलं

आधी ताट. एसएनसीयूच्या प्रभारी डॉक्टरांनी आईला "स्तनपान देणारी माता" म्हणून पुन्हा आहाराच्या यादीत घेतलं. एक सही लागली. खाटेसाठी दोन दिवस गेले, तोवर प्रसूती कक्षातल्या एका मावशींनी तिला रिकाम्या खाटेवर झोपू दिलं. नियमात ते बसत नव्हतं. जेवण सुरू झाल्याच्या दुसऱ्या दिवशी दूध वाढलं. नुसत्या जेवणाने वाढलं असं मी म्हणणार नाही, पण आम्ही दुसरं काहीच बदललं नव्हतं.

मग खाडा. मुकादमाला मी थेट फोन केला, तो चुकला. त्याने "बघतो मॅडम" म्हणून ठेवून दिला. गावातल्या चिटबॉयला आशाताई ओळखत होत्या. फडावर उसाच्या स्लिपा तोच करतो, त्यामुळे कुठली टोळी कुठे आहे हे कारखान्याच्या कार्यालयाआधी त्याला ठाऊक असतं. त्याने शेतकी अधिकाऱ्यांना सांगितलं आणि त्यांनी मुकादमाला बोलावून घेतलं. मुकादमाचंही ऐकून घ्यायला हवं: त्याने स्वतः कारखान्याकडून पैसा उचललेला असतो, जोड्या कमी पडल्या तर त्याचा करार अडकतो. शेवटी ठरलं की महिनाभर नवऱ्याला अर्धा कोयता धरायचं आणि बाईचा खाडा लावायचा नाही. हे सगळं तोंडी झालं.

सातव्या दिवशी प्रतिजैविकं संपली, वजन १,६१०. ग्रामीण रुग्णालयाच्या डॉक्टरांनी एका अटीवर बाळ घेतलं: आई चोवीस तास सोबत हवी, आणि आमच्या केंद्राने रोज फोनवर वजन-तापमान विचारायचं. तिथे कांगारू पद्धत नीट सुरू झाली. बाप संध्याकाळी आला की दोन तास तोही बाळ छातीशी घ्यायचा. पहिल्या दिवशी तो पडद्याआड बसला होता, लोक हसतील म्हणून. तिसऱ्या दिवशी पडदा उघडाच होता. सलग तीन दिवस वजन वाढलं आणि तेराव्या दिवशी १,७४० ग्रॅमवर बाळ अड्ड्यावर गेलं.

कोपीत छातीशी बाळ धरून अर्धवट टेकून झोपायचं तर टेकायला भिंत लागते, आणि कोपीला भिंतच नसते. आशाताईंनी पोत्यात पाचट भरून त्याचा लोड केला. चूल बाहेर हलवायला लावली. अंघोळ बंद, टोपी चालू. बाळाचे पाय गार पडले, त्याने दूध सोडलं, श्वास मिनिटाला साठच्या वर गेला किंवा छाती आत ओढली जायला लागली, तर रात्र असली तरी फोन.

आशाताईंच्या या भेटी कागदावर बसत नव्हत्या. आशाचं काम गावाच्या लोकसंख्येवर ठरतं, अड्डा त्या लोकसंख्येत नाही. घरी जाऊन नवजाताची काळजी घेण्याची कल्पना आपल्याच गडचिरोलीतली. तिथल्या 'सर्च' या संस्थेच्या कामातून नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाल्याचं १९९९ मध्ये प्रसिद्ध झालं आणि २०११ पासून ती देशभर कार्यक्रम म्हणून राबवली जाते: तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी भेट, सगळ्या भेटींचे मिळून आशाला अडीचशे रुपये. पण घरोघरी जायचं तर घर एका जागी असावं लागतं. आम्ही "बाहेरगावची माता" म्हणून वेगळी नोंद केली, मी सही केली, आणि अडीचशे रुपये मे महिन्यात मिळाले.

थळ बदललं

एकविसाव्या दिवशी वजन १,९३० होतं. जन्मवजन दोन किलोच्या आत असेल तर बाळाच्या डोळ्यांचा पडदा तपासावा लागतो, आणि पहिली तपासणी जन्मापासून तीस दिवसांच्या आत व्हावी लागते. उशीर झाला आणि आजार असला तर नजर जाऊ शकते. सत्ताविसाव्या दिवसाची वेळ घेतली होती.

बाविसाव्या दिवशी टोळी दुसऱ्या थळावर, म्हणजे तोडीच्या दुसऱ्या जागी, हलली. अठ्ठाविसाव्या दिवशी आशाताई अड्ड्यावर पोचल्या तेव्हा चुलींची राख आणि पाचटाचं ते पोतं होतं. डोळ्यांची वेळ चुकली होती हे आम्हाला त्या दिवशी कळलं. मुकादमाचा फोन बंद. चिटबॉयकडून तीन दिवसांनी पत्ता लागला: तीस किलोमीटरवर, दुसरा तालुका, दुसरं आरोग्य केंद्र. तिथल्या आशांनी सांगितलं, अड्डा माझ्याकडे नाही. त्यांचं खोटं नव्हतं.

तेहतिसाव्या दिवशी आमची गाडी तिथे गेली. बाई सव्विसाव्या दिवसापासून कोयत्यावर होती. नव्या थळावर तोंडी ठराव कोणी मानला नाही. बाळ बैलगाडीखाली सावलीत, राखायला तीन वर्षांची बहीण. दूध पहाटे आणि दुपारी, मग रात्री. वजन २,०८०. एकविसाव्या दिवसापासून दिवसाला जेमतेम बारा-तेरा ग्रॅम वाढ, त्याआधी ती दुप्पट होती.

निष्पत्ती

बाळ वाचलं. अठ्ठावीस दिवस पार केले म्हणजे नवजात मृत्यूच्या आकड्यात ते येत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशाचा नवजात मृत्युदर हजार जिवंत जन्मांमागे २४.९ होता, शहरी भागात १८, ग्रामीण भागात २७.५. ही बाई ग्रामीणच, पण सहा महिने घराला कुलूप असलेली. तिचं आधीचं बाळ कुठल्या आकड्यात मोजलं गेलं, मला सांगता येणार नाही.

डोळ्यांची पहिली तपासणी छत्तिसाव्या दिवशी झाली. पडदा अजून पूर्ण तयार नाही, दोन आठवड्यांनी पुन्हा आणा, असा शेरा मिळाला. पन्नासाव्या दिवसाच्या सुमाराला कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे गाळप संपलं, आणि टोळी गावी गेली. चिठ्ठी सोबत दिली होती. एप्रिलात तिने आशाताईंना फोन केला, बाळ टुकूटुकू बघतंय म्हणाली. ऐकून बरं वाटलं, पण ती तपासणी नव्हे.

प्रसूतीसाठीचे जननी सुरक्षा योजनेचे पैसे अडकले, नोंदणी क्रमांक गावच्या कार्डावर होता. मातृवंदना योजनेत पहिल्या वेळी वय बसलं नव्हतं, आता अपत्याचा क्रम बसत नव्हता. उचल फिटली नाही. बाकी पुढच्या हंगामावर गेली, त्यात नव्या थळावर लावलेले चार खाडे होते.

वेगळं काय करता आलं असतं

नोव्हेंबरात "जिवंत मुलं किती" ऐवजी "बाळंतपणं किती, आणि प्रत्येक बाळाचं काय झालं" एवढं विचारलं असतं, तर ती जोखमीची माता म्हणून तेव्हाच हाताशी आली असती. डिसेंबरची भेट संध्याकाळी सातला ठेवली असती, तर गोळ्या संपल्याचं कळलं असतं. पुढे आम्ही वेळ बदलली. कर्मचारी नाराज झाले, त्यांना रात्रीच्या परतीच्या गाडीची सोय लागली, ती दोनदा झाली नाही.

पहिल्या रात्रीच्या संदर्भ चिठ्ठीत मी बाळाचं सगळं लिहिलं होतं. आईसोबत कोण आहे, मागे लहान मूल आहे का, किती दिवसांची मजुरी बुडणार, यातलं काही नाही. ते लिहिलं असतं तर चौथा दिवस उजाडण्याआधी ताटाची सही झाली असती, असं मला वाटतं. सहकारी डॉक्टर म्हणतात, असल्या ओळी कोणी वाचत नाही. कदाचित खरं असेल.

खाड्याचा ठराव मुकादमाशी न करता कारखान्याच्या शेतकी खात्याशी लेखी करायला हवा होता, म्हणजे थळ बदललं तरी तो बाईबरोबर गेला असता. आणि नवऱ्यावर ओरडायला नको होतं. पुढे संध्याकाळी येऊन बाळ छातीशी घेणारा तोच होता. मला बघितलं की मात्र तो शेवटपर्यंत उठून उभा राहायचा, बोलायचा नाही.

आता कारखान्याच्या गट कार्यालयात एक वही ठेवली आहे. टोळी उतरली की गरोदर बायकांची नावं, महिना, आधीची बाळंतपणं आणि मुकादमाचे दोन फोन नंबर चिटबॉय त्यात लिहितो. शेवटचा रकाना "पुढचं थळ" असा आहे. यंदा वहीत एकोणीस नावं आहेत, आणि तो रकाना सात जणींपुढे रिकामा आहे.